तुरीतली दोन झाडे



तूर फुलावर आली आहे. हरभरा पेरून झाला असेल. कुणाची ज्वारी राहिली असेल तर तीही आठ दिवसांत उरकेल. या दिवसांत बांधावरून चालताना माझी नजर अजून तुरीच्या ओळीत काही तरी शोधत असते. काय शोधते ते आज तुम्हाला सांगतो. बत्तीस वर्षे मी गावचा पोलीस पाटील होतो. १९८४ साली नेमणूक झाली आणि साठी भरली तेव्हा २०१६ साली दप्तर खाली ठेवले. त्या काळात भांडणे मिटवली, विहिरीत पडलेल्यांच्या पंचनाम्याला उभा राहिलो, जत्रेचा बंदोबस्त पाहिला. ते सगळे मी पारावर बसून हजार वेळा सांगितले आहे. हे मात्र कधी सांगितले नाही.

आमचे गाव नायगाव तालुक्यात. पूर्वी बिलोली तालुका होता. तेलंगणाची हद्द इथून लांब नाही. निम्म्या गावाच्या सोयरिकी तिकडच्या, त्यामुळे आमच्या बायका भांडतात मराठीत आणि हिशेब करतात तेलुगूत.

माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणत असू. मोठे भजनी. आवाज असा की मृदंगाच्या वर जायचा. आबा दर साली मृगाच्या पेरणीत, वगळीकडच्या तुरीच्या तासात गांजाची दोन झाडे लावीत. दोनच. तिसरे कधी नाही. तुरीत ते झाड ओळखू येत नाही, उंची सारखीच आणि रंगही लांबून तसाच. जवळ गेले तर पान हाताच्या पंजासारखे चिरलेले दिसते. दिवाळीच्या पुढे फुलोरा धरला की पहाटेच्या दवात त्याचा वास बांधापर्यंत यायचा. आबा फुलोरा खुडून आखाड्यावर सावलीत वाळवीत, आणि वर्षभर एकादशीच्या भजनानंतर चार म्हाताऱ्यांची चिलीम त्यावर चाले. विकला कधी नाही. तरण्या पोराने हात पुढे केला तर आबा चिमट्याने मारायचे.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढे? तेच तर मी म्हणत होतो.

अंमली पदार्थांचा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून देशभर लागू झाला. त्याआधीही परवान्यावाचून गांजा लावता येत नव्हताच, पण सरकारमान्य दुकाने असत आणि लोक त्याकडे दारूसारखे पाहत. नव्या कायद्याने ते संपले. पुढच्या साली आम्हा पोलीस पाटलांना तालुक्याला बोलावून फौजदारांनी समजावून सांगितले की गांजाचे एक झाडही आता गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या कानात तशीच राहिली. ज्याची जमीन त्याने आपल्या रानात असे पीक दिसताच कळवायचे. आणि गावचा सरपंच, पंच, कोणताही गावकामगार यांना कळले तर त्यांनीही ताबडतोब कळवायचे. जाणूनबुजून गप्प बसला तर तोही शिक्षेला पात्र. कायद्याची ४६ आणि ४७ ही कलमे. तुमच्या गावच्या सरपंचांना विचारून पाहा, दहांतल्या नऊ जणांना माहीत नसेल.

मी एस.टी.ने परत आलो. उतरलो तेव्हा आबा पारावर होते. विचारले, "काय म्हणले रे सायेब?" मी म्हणालो, "काय नाही, जत्रंच्या बंदोबस्ताचं होतं." आबांना उपटून टाका म्हणायची माझी हिंमत झाली नाही. माझा बाप लहानपणी गेला, मला या माणसाने वाढवले. दोन झाडांसाठी त्यांना बेड्या? मनाला पटेना. म्हणून मी डोळ्यांवर कातडे ओढले, आणि एकदा ओढले की ते काढणे कठीण जाते. आबा १९९८ साली वारले. झाडे राहिली. आता ती त्यांचा नातू, म्हणजे माझा चुलत पुतण्या, लावू लागला.

या पोराची कथा तुम्हाला नवी वाटणार नाही. चार एकर कोरडवाहू, दोन बहिणी, एकीच्या लग्नाचे कर्ज फिटले नाही तोवर दुसरीचे ठरले. कापसाला लागली ती दुबार पेरणी, मग भाव नाही. २००६ च्या उन्हाळ्यात एक माणूस मोटारसायकलवर आला. तेलुगू-हिंदी बोलायचा, सगळे त्याला सेठ म्हणायचे. त्याने बी दिले, दहा हजार रुपये हातावर ठेवले आणि सांगितले, तुरीत पातळ टाक, माल मी जाग्यावरून उचलतो. पोराने पंधरा गुंठ्यांत टाकला. दोन झाडांचे पंधरा गुंठे व्हायला वीस वर्षे लागली, पण वाट आबांनीच पाडून ठेवली होती आणि मी ती झाकली होती.

मला कळले होते का? खरे सांगतो, पोळ्याला कळले. बैल धुवायला ओढ्यावर गेलो होतो, तिथून त्याच्या रानातून आलो आणि पाहिले. घरी बोलावून शिव्या दिल्या. तो खाली मान घालून म्हणाला, "काका, एवढं एक साल. ह्या मालात ताईचं लगीन निघतंय." मी म्हणालो, एवढेच साल. पोलीस पाटील म्हणून जे करायचे ते केले नाही आणि चुलता म्हणून जे करायचे तेही केले नाही. चुलता असतो तर रात्री विळा घेऊन गेलो असतो.

डिसेंबरात पोलीस आले. कुणी खबर दिली माहीत नाही. पंधरा गुंठ्यांतले सगळे उपटले, ढीग केला, किराणा दुकानातला काटा आणून वजन केले. चौतीस किलो भरले. फौजदार तरणे होते, माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाटील, तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?" मी म्हणालो, "नाही साहेब." पुतण्या तिथेच उभा होता, हाताला दोरी. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने माझे नाव घेतले असते तर मी आज हे लिहायला नसतो, निदान पाटील म्हणून तरी नाही.

इथे थोडे कायद्याचे सांगतो, कारण हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते आणि वकिलाच्या घरी जाऊन जाऊन शिकावे लागले. गांजा एक किलोच्या आत सापडला तर ती थोडी मात्रा धरतात, शिक्षा एक वर्षापर्यंत. त्याच्या वर आणि वीस किलोपर्यंत असेल तर दहा वर्षांपर्यंत. वीस किलोहून जास्त असेल तर ती व्यापारी मात्रा. तिला कमीत कमी दहा वर्षे, जास्तीत जास्त वीस, आणि दंड एक लाखाच्या खाली नाही. व्यापारी मात्रेत जामीनही सहजी मिळत नाही, आरोपी निर्दोष असावा असे कोर्टालाच वाटावे लागते. आमचा चौतीस किलो म्हणजे ओले झाड, मुळासकट, मातीसकट. कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, आणि नुसती पाने किंवा बी त्यात येत नाही. वकिलाने तोच मुद्दा धरला. अकरा महिन्यांनी जामीन झाला. सहा वर्षांनी निकाल लागला, व्यापारी मात्रा शाबीत झाली नाही, पण लागवडीचा गुन्हा शाबीत झाला. तीन वर्षे सक्तमजुरी आणि वीस हजार दंड, त्यातून कच्च्या कैदेचे अकरा महिने वजा.

चार एकरांतले दोन एकर गेले. बहिणीचे लग्न मोडले, ते नंतर एका बिजवराशी झाले. पुतण्या सुटून आला तो गावात राहिला नाही. आज तो लातूरला डाळीच्या मिलवर आहे, तुरीची पोती उचलतो.

आणि तो सेठ? तो कोण, कुठला, त्याचे नाव काय, हे पुतण्याला कधीच माहीत नव्हते. फोन नंबर होता तो दुसऱ्या दिवशी बंद. सहा वर्षे खटला चालला त्यात सेठ म्हणून एक शब्दही आला नाही. मला पोलिसांचा राग त्या दिवशी याचा आला. एक पोरगा धरला, काटा आणला, फोटो काढला, झाले. मुळाला कोण हात घालणार?

पुढे मी वाचत गेलो, जमेल तितके विचारत गेलो, तेव्हा कळले की मुळाला हात घालणे हे तालुक्याच्या ठाण्याचे काम नाहीच, त्याला ते झेपणारच नाही. ठाण्यात वीस-पंचवीस माणसे, पन्नास-साठ गावे, त्यात गणपती, निवडणुका, अपघात. माल पिकतो एका राज्यात, जातो दुसऱ्यातून, खपतो तिसऱ्यात. ठाण्याचा जमादार विशाखापट्टणमला जाऊन चौकशी कशी करील? त्यासाठी १९८६ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने अंमली पदार्थ नियंत्रण कार्यालय उभे केले. वर्तमानपत्रात एन.सी.बी. असे येते ते हेच. दुसरे महसुली गुप्तवार्ता संचालनालय, म्हणजे डी.आर.आय. ते त्याहून जुने, १९५७ चे, अर्थखात्याच्या हाताखालचे. सोन्याची चोरटी आयात पकडणारे म्हणून त्याचे नाव, पण अंमली मालही त्याच्या कक्षेत येतो. आपल्या राज्यानेही २०२३ साली पोलिसांचे एक खास कृती दल केवळ याच कामासाठी मंजूर केले.

हे सगळे मला कागदावरचे वाटायचे. मग २०२१ च्या नोव्हेंबरात मांजरमला ट्रक धरला.

मांजरम आमच्याच तालुक्यातले. आठवडी बाजाराला आम्ही ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्यावर, १५ नोव्हेंबरला, एन.सी.बी.च्या मुंबईच्या पथकाने एक ट्रक अडवला. आत १,१२७ किलो गांजा. आंध्रातून निघून जळगावकडे चालला होता. दोघांना अटक झाली. सव्वाअकरा क्विंटल हो! आपल्या कोरडवाहूत चांगल्या साली दोन एकरांची तूर तेवढी होते. गावातली पोरे मोटारसायकली काढून बघायला गेली आणि मी घरात बसून राहिलो. मला राहून राहून वाटत होते, ट्रक एवढ्या लांबून आला, वाटेत किती नाके, किती ठाणी, किती चहाची दुकाने, किती पोलीस पाटील लागले असतील! अडला तो मुंबईहून आलेल्या माणसांना आधी खबर होती म्हणून.

त्यानंतर आठवडाभरातच नांदेड शहरात, कामठा भागात, त्याच खात्याने छापा घालून १११ किलो डोडा आणि जवळपास दीड किलो अफू धरली. डोडा म्हणजे अफूच्या बोंडाचे वाळलेले टरफल. लांब पल्ल्याचे ड्रायव्हर झोप मारायला तो पाण्यात उकळून घेतात. माल दळायची यंत्रे आणि नोटा मोजायचे यंत्रही सापडले. आपल्याकडे नोटा मोजायचे यंत्र बँकेत असते, हे तुम्हाला सांगायला नको.

मांजरमचा माल आंध्राचा, म्हणून मी तिकडचे वाचायला लागलो. विशाखापट्टणमच्या मागे डोंगर आहेत, पलीकडे ओडिशाचे कोरापुट, मलकानगिरी. तिथले आदिवासी हा माल पिकवतात. आणि कसा पिकवतात? व्यापारी बी देतो, उचल देतो, माल जाग्यावरून नेतो. हे वाचले तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. आमच्या सेठसारखे सेठ तिकडे डोंगरभर होते. आंध्र पोलिसांनी २०२१ च्या अखेरीस मोहीम काढून हजारो एकरांतला गांजा उपटला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अनकापल्लीजवळ दोन लाख किलो माल एका जागी जाळला. मोहिमेत एक गोष्ट मला शहाणपणाची वाटली. उपटून नुसते निघून गेले नाहीत, दुसऱ्या पिकांची रोपे-बियाणेही दिले. आमच्या पुतण्याला २००६ साली कुणी पंधरा गुंठ्यांना पुरेल एवढे हळदीचे बेणे उधार दिले असते तर? जाऊ द्या.

पिकाचा विषय निघाला आहे तर खसखशीचेही सांगून टाकतो. २०१२ च्या फेब्रुवारीत बीड जिल्ह्यात परळी तालुक्यात अफूची शेती सापडली तेव्हा शेतकरी म्हणाले, आम्ही खसखस लावली आहे, किराणा दुकानात मिळते ती. मला ते खोटे वाटत नाही, निदान सगळ्यांचे नाही. पण खसखस आणि अफू एकाच झाडाची. हिरव्या बोंडाला चीर दिली की चीक निघतो तो अफू, बोंड वाळले की आतले बी खसखस, आणि टरफल डोडा. केंद्र सरकारचा परवाना असेल तरच ते पीक घेता येते, आणि परवाने मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या ठरलेल्या भागांतच मिळतात. तेव्हा अनरशाला लागते म्हणून परसात चार दाणेसुद्धा टाकू नका, मायबाईंनो. विकत आणा.

आता रोहिण्याचे. हे सांगायलाच मी आज बसलो, पण माणूस म्हातारा झाला की वाट वळणाची होते.

रोहिणा हे लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यात. तुम्ही नांदेडहून लातूरला जाता ना, लोहा, अहमदपूर, चाकूर, त्या अंगाला. गावाच्या बाजूला डोंगराळ माळ. २०२५ च्या एप्रिलमध्ये डी.आर.आय.ने तिथे छापा घातला आणि मेफेड्रोन तयार करायचा कारखाना धरला. मेफेड्रोन म्हणजे शहरात ज्याला एम.डी. म्हणतात ते. हे झाडावर येत नाही. रसायने एकत्र करून, तापवून, गाळून त्याची पूड करतात. २०१५ च्या फेब्रुवारीत ते या कायद्याखाली आले. रोहिण्यात ११ किलो ३६० ग्रॅम सापडले, काही कोरडे, काही अजून पातळ. खात्याने किंमत सांगितली १७ कोटी. या मालाची व्यापारी मात्रा किती धरतात ठाऊक आहे? ५० ग्रॅम. म्हणजे वीस वर्षांपर्यंतची शिक्षा ज्याला लागते, त्याच्या सव्वादोनशे पट माल एका माळावर. सात जण धरले. आणि या वेळी कामाला असलेल्या माणसांवर प्रकरण थांबले नाही, माल पुढे पोचवणारा आणि पैसा घालणारा यांनाही मुंबईत जाऊन धरल्याचे खात्याने जाहीर केले. मी ते वाक्य दोनदा वाचले. एकदा तरी सेठपर्यंत कुणी गेले.

पण धरलेल्यांत मुंबईकडे नोकरीला असलेला एक पोलीसही होता, असे सगळ्या वर्तमानपत्रांत आले. खरे-खोटे कोर्ट ठरवील, आज तो आरोपच आहे. तरी कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कुणी करायची, हे गावोगाव बोलले गेले. माझ्यासमोरही एक जण बोलला. मी हो ला हो केले नाही. गावाचे कुंपण म्हणून सरकारने मलाही बत्तीस वर्षे उभे केले होते.

रोहिण्यासारखी ठिकाणे का निवडतात याचा मी विचार केला. शेजार नाही. बोअरला पाणी आहे. विजेची तीन फेजची लाइन आहे. पोटाला चिमटा बसलेला मालक आहे, तो फार विचारत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकजवळ शिंदे गावात असाच कारखाना निघाला. २०२४ च्या मार्चमध्ये मुंबई पोलिसांनी सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीला धरला, तिथे तर शंभर किलोच्या वर माल होता. इरळीच्या भागात द्राक्षबागा, चाकूरकडे सोयाबीन. कारखानदाराला पिकाशी काय करायचे? त्याला आडोसा पाहिजे. आणि कायद्याचे २५ वे कलम सांगते की घर, खोली, जागा, गाडी, जनावरसुद्धा, ज्याच्या ताब्यात आहे त्याने या कामासाठी ते जाणूनबुजून वापरू दिले तर त्याला त्याच गुन्ह्याची शिक्षा. "मी फक्त भाडे घेत होतो" हे म्हणणे कोर्टात किती टिकेल ते वकिलाला विचारा, फी देऊन.

हे सगळे मी आता का उकरून काढतो? तर गेल्या महिन्यात एक चारचाकी आमच्या आखाड्यावर येऊन थांबली.

आमचा आखाडा सडकेपासून आत आहे. पत्र्याचे मोठे शेड थोरल्याने कोंबड्यांसाठी बांधले होते. दोन साली तोटा खाल्ला आणि बंद केले. बँकेचा हप्ता मात्र कोंबड्या मेल्या म्हणून थांबत नाही. गाडीतून दोघे उतरले, बोलायला गोड. म्हणाले, पिकांवर फवारायची औषधे बनवायची आहेत, शेड पाहिजे, महिना वीस हजार, सहा महिन्यांचे आधी देतो. पाणी आहे ना? लाइन तीन फेजची आहे ना? राखणदार आमचा राहील, तुम्हाला यायची गरज नाही.

थोरला माझ्याकडे पाहू लागला. सहा महिन्यांचे एक लाख वीस हजार. त्याच्या डोळ्यांतला हिशेब मला दिसत होता, कारण तोच हिशेब मी पुतण्याच्या डोळ्यांत पाहिला होता.

मी म्हणालो, चांगले आहे. आधारकार्डांच्या प्रती द्या, औषधे बनवायचा परवाना दाखवा, करार स्टॅम्पावर करू, आणि एक प्रत ठाण्यात देऊ. ते हसले. म्हणाले, बाबा, एवढ्याशा कामाला ठाणे कशाला? मी म्हणालो, मी पोलीस पाटील होतो, मला सवय आहे. चहा पिऊन गेले. कागद घेऊन येतो म्हणाले.

रात्री घरात कटकट झाली. थोरला म्हणाला, "दादा, तुमाला सगळीकडं चोरच दिसतेत. खरंच औषधवाले असतील तर? ह्या वीस हजारात हप्ता भागत होता." मी कायदा सांगू लागलो. तो म्हणाला, "कायदा आमाला सांगता. आबांची झाडं तुमी पाहिली नव्हती का? त्यांनी लावली तवा कुठं गेलता कायदा?"

पंधरा-वीस वर्षांत घरातल्या कुणी हे तोंडावर काढले नव्हते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या घरच्या चुलीजवळून उठल्या आणि थोरल्याला म्हणाल्या, "त्यांनी गप्प बसून काय झालं ते दिसतंय ना तुला? मग तू बसू नकोस." एवढे बोलून त्यांनी ताट वाढले. थोरला जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. ओळखीचे कुणी राहिले नाही, सगळी नवी पोरे. गाडीचा नंबर थोरल्याच्या पोराने उतरून ठेवला होता, तो दिला. जमादारांनी लिहून घेतले आणि विचारले, "काही संशयास्पद दिसलं का?" मी म्हणालो, "दिसलं नाही. दिसायच्या आधी आलो." त्यांनी एक नंबर दिला, १९३३. अशा मालाची खबर त्यावर नाव न सांगताही देता येते, केंद्र सरकारने २०२४ साली सुरू केला आहे. आणि घरात कुणी नादी लागले असेल तर १४४४६. व्यसनी माणूस स्वतः होऊन उपचाराला तयार झाला तर थोड्या मालाच्या किंवा सेवनाच्या प्रकरणात त्याच्यावर खटल्याची टांगती तलवार राहू नये, अशी तरतूद कायद्यात आहे, हेही त्यांनी सांगितले. मी हे मुद्दाम विचारून घेतले. माझा नातू, मुलीचा, लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करतो, खोली करून राहतो, पहाटे पाचला उठतो आणि रात्री बाराला निजतो. त्याला काही नाद आहे असे नाही. पण रोहिण्याहून माल निघाला तर मुंबईच्या वाटेवर आधी लातूरच लागते.

परतताना लातूरला पुतण्याला फोन लावला. बऱ्याच दिवसांनी. गाडीचे, त्या दोघांचे, सगळे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मागे मिलचा आवाज येत होता. मग म्हणाला, "काका, उचल किती देत होते?" मी सांगितले. तो म्हणाला, "मला धाच दिले होते."

कागद घेऊन येतो म्हणालेले दोघे अजून आलेले नाहीत. औषधवालेच असतील तर येतीलही. थोरला माझ्याशी कामापुरते बोलतो. शेडमध्ये सध्या सोयाबीनचे कुटार भरून ठेवले आहे, आणि बँकेचा हप्ता पंचवीस तारखेला आहे.